हौसेची वही आणि कामाची वही

चित्रे काढायला लागून वर्ष-दीड वर्ष झाले की एक दिवस कोणीतरी खांद्यावरून वहीत डोकावते आणि म्हणते, "अरे वा, हे तू विकत का नाहीस?" प्रश्न कौतुकाने विचारलेला असतो आणि कौतुक म्हणूनच ऐकावा. मात्र तोपर्यंत जी गोष्ट केवळ करावीशी वाटते म्हणून होत होती, तिच्यामागे त्या दिवसापासून किंमत, मुदत आणि गिऱ्हाईक अशी तीन शुक्लकाष्ठे लागू शकतात. हा लेख त्या टप्प्यावर उभ्या असलेल्यांसाठी आहे. उदाहरणे मी चित्रकलेतली घेतली आहेत, कारण मला तेवढेच नीट ठाऊक आहे. विणकाम, मातीकाम, गाणे किंवा लेखन करणाऱ्यांनी त्या जागी आपापली उदाहरणे ठेवावीत.

'मजुरी' हा शब्द मी मुद्दाम वापरणार आहे. कलेला मजुरी म्हटले की काहींना तो कलेचा अपमान वाटतो. मला वाटत नाही. मजुरीला तास असतात, साहित्याचा खर्च असतो, ठरलेला मोबदला असतो आणि काम संपले की हात धुऊन उठण्याचा अधिकार असतो. त्याच कामाला 'साधना' किंवा 'सेवा' असे भारदस्त नाव दिले की या चारही गोष्टी हळूच नाहीशा होतात, हे मी पुरेशा वेळा पाहिले आहे. हौसेला मात्र यांतले काहीच नसते आणि नसावे. 'मी हौशी की व्यावसायिक?' हा प्रश्न माणसाला विचारून फारसे काही हाती लागत नाही, असे माझे मत आहे. तो प्रत्येक चित्राला, आणि तेही चित्र सुरू करण्याआधी, विचारायचा असतो. एकाच माणसाच्या हातून सकाळी मजुरीचे आणि संध्याकाळी हौसेचे चित्र होऊ शकते, आणि दोन्ही चांगली होऊ शकतात. बिघडते ते एकच चित्र अर्ध्या वाटेवर, कोणालाही न सांगता, एका बाजूकडून दुसरीकडे सरकते तेव्हा.

पहिली पायरी : कागदाच्या मागे तीन उत्तरे लिहा

चित्राला हात घालण्यापूर्वी कागद उलटा करा आणि कोपऱ्यात पेन्सिलीने तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. हे चित्र कोणासाठी आहे? ते कधीपर्यंत व्हायला हवे? आणि ते 'झाले' असे कोण ठरवणार? 'माझ्यासाठी', 'केव्हाही', 'मीच' अशी तीन उत्तरे आली, तर ते हौसेचे चित्र. तिन्हींतले एक जरी उत्तर दुसऱ्याच्या हाती असेल, तर ते काम आहे, मग त्याचे पैसे मिळोत वा न मिळोत. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पैशांचा विषय निघण्याच्या बराच आधी चित्राची मालकी तिथेच बदलते.

या कसोटीत लगेच दोन अडचणी येतात. पहिली भेटचित्राची. मैत्रिणीच्या वाढदिवसाला चित्र काढायचे, तर ते तिच्यासाठी असते आणि तारीखही ठरलेली असते. पण ते झाले की नाही, हे तुम्हीच ठरवता. माझ्या मते भेट ही तिसरी जात आहे आणि तिला मर्यादा मात्र घालून घ्यावी लागते : एवढ्या संध्याकाळी देईन, त्यापुढे नाही. मर्यादा न घातलेली भेटचित्रे शेवटच्या रात्री डोळे चोळत पूर्ण केली जातात, आणि देणाऱ्याच्या मनात मैत्रिणीविषयी, तिचा काही दोष नसताना, थोडी कटुता जमा होते.

दुसरी अडचण रियाजाची. रोज वीस हात काढणे, दहा घनाकृतींवर छाया टाकणे, हे कोणासाठीही नसते आणि त्यात फारशी मजाही नसते. नवख्यांची इथे अशी समजूत होते की कंटाळा येतो म्हणजे ही मजुरी, आणि मजा येते म्हणजे हौस. तसे नाही. हौसेच्या चित्रासाठी माणूस घाम गाळतो, चारदा कागद फाडतो, चिडतो. आणि मजुरीचे चित्र करताना कधी कधी असा रंगून जातो की तासांची नोंद करायचीही विसरतो. कष्ट आणि आनंद दोन्हीकडे असतात. भेद आहे तो निर्णय कोणाकडे आहे याचा. रियाज तुम्हीच ठरवलेला असल्यामुळे तो हौसेच्या खात्यात धरा, आणि एखाद्या दिवशी चुकला तर स्वतःला दंड करू नका.

दुसरी पायरी : खरोखरच दोन वह्या करा

हे अक्षरशः करायचे आहे. दोन वह्या घ्या, शक्यतो वेगळ्या आकाराच्या, म्हणजे अंधारातही हाताला फरक कळेल. हौसेच्या वहीचा कागद स्वस्त असावा. कागद जितका महाग, तितका तो माणसाला धाक दाखवतो. दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा शुद्ध सुती जलरंगाचा कागद समोर आला की पहिला विचार 'वाया जाता कामा नये' असा येतो, आणि तो विचार आला की हौस तिथेच आखडते. हलक्या कागदावर पाणी पडले की तो फुगतो, लाटा येतात, रंग डबक्यासारखा साचतो. साचू द्यावा.

माझ्या अशाच एका वहीत मोडकी काडी बाहेर आलेल्या छत्रीचे चित्र आहे. कोणाची तरी वाट पाहत असताना ते मी साध्या फाउंटन पेनाने काढले होते. ती शाई पाण्याने विरघळणारी होती हे विसरून मी त्यावर ओला कुंचला फिरवला आणि काड्यांच्या रेघा निळसर होत कापडाच्या घड्यांमध्ये उतरल्या. मी घाईघाईने टिपकागद दाबला; तो उचलला तेव्हा छत्रीखाली मला कधीच जमली नसती अशी सावली उमटलेली होती. कामाच्या चित्रात हे घडले असते, तर मी पान फाडून पुन्हा सुरुवात केली असती आणि ते योग्यच झाले असते. तिथे अपघात हा दोष ठरतो, कारण समोरच्याला जे दाखवून मान्य करून घेतले आहे, तेच द्यायचे असते.

साहित्याच्या बाबतीत दोन वह्यांचा फरक सर्वांत ठळकपणे दिसतो तो रंगांच्या टिकाऊपणात. काही रंग उजेडात फिके पडतात. अलिझरिन क्रिमसन हा जुना गडद तांबडा रंग आणि बहुतेक चमकदार फ्लुओरेसंट गुलाबी रंग यासाठी कुप्रसिद्ध आहेत. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८८ साली रंगवलेल्या शयनगृहाच्या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात. पत्रात त्याने त्यांचे वर्णन फिकट जांभळ्या असे केले होते, आणि तो जांभळा निळा झाला याचे कारण त्यात मिसळलेला तांबडा रंग उडून गेला. हौसेच्या वहीत वाटेल तो रंग वापरा. वही मिटलेलीच असते. ज्याचे पैसे घेतले आहेत त्या चित्रासाठी मात्र नळीवरचे टिकाऊपणाचे मानांकन वाचा आणि पहिल्या दोन श्रेणींतलेच रंग घ्या. खात्री नसेल तर रंगाची एक पट्टी कागदावर ओढा, तिचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि ती तीन महिने उन्हाच्या खिडकीत चिकटवून ठेवा. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी शेजारी पाहिला की कोणते रंग विकाऊ चित्रात चालणार नाहीत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरी पायरी : बक्षिसाची वेळ ओळखा

पैसे आले की आनंद जातो, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे नवख्या माणसाच्या जास्त उपयोगाचे आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या, चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना आधीच सांगण्यात आले की स्केचपेनांनी चित्र काढलेत, तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना तेच पत्रक काही न सांगता, चित्र झाल्यावर अचानक देण्यात आले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच स्केचपेने वर्गात नुसती ठेवून दिली, तेव्हा आधी कबूल केलेले बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रे काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

म्हणजे घात बक्षिसाने केला नाही. 'हे मी त्यासाठी करतो आहे' या आधीच्या बोलीने केला. यातून मी स्वतःसाठी एक नियम केला आहे आणि तो तुम्हालाही सुचवते. हौसेच्या वहीतले पूर्ण झालेले चित्र कोणी मागितले, तर ते खुशाल विका. ते आधीच होऊन गेले आहे आणि आता त्याला काही होणार नाही. पण तोच माणूस "अगदी असेच आणखी एक हवे" म्हणाला, तर ते दुसरे चित्र कामाच्या वहीत गेले पाहिजे, त्याच्या सगळ्या अटींसह. आणि हौसेचे चित्र अर्धे झालेले असताना कोणी दर विचारला, तर "झाल्यावर बोलू" एवढेच म्हणा. अर्ध्या चित्राचा भाव ठरला की उरलेले अर्धे त्या भावासाठी काढले जाते.

प्रौढ कलावंतांविषयीही काही सांगण्यासारखे आहे. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ व्यावसायिक कलावंतांकडून प्रत्येकी दहा मागणीवरून केलेल्या आणि दहा स्वतःहून केलेल्या कलाकृती घेतल्या आणि कोणती कुठल्या प्रकारची आहे हे न सांगता जाणकारांकडून त्यांचे मूल्यमापन करून घेतले. मागणीवरून केलेल्या कृती सर्जनशीलतेत कमी भरल्या. कारागिरीत मात्र दोन्हींमध्ये फरक आढळला नाही. जिथे गिऱ्हाइकाच्या अटींनी हात बांधल्यासारखे वाटले, तिथे सर्जनशीलता अधिक घसरलेली होती. यातले मला महत्त्वाचे वाटते ते कारागिरीचे वाक्य. मजुरीच्या चित्रात हात उतरत नाही, उतरते ती धाडस करण्याची इच्छा. आणि धाडसासाठी दुसरी वही आहेच.

चौथी पायरी : मजुरी असेल, तर पूर्ण मजुरी करा

कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर तासांचा तक्ता आखा. माझ्या एका व्यक्तिचित्राची नोंद अशी आहे : बोलणी आणि फोटो पाहणे एक तास, तीन कच्ची रेखाटने तीन तास, रंगकाम पाच तास, बदल दीड तास, स्कॅन करणे, बांधाबांध आणि निरोपानिरोपी दीड तास, एकूण बारा तास. यांत कुंचला हातात होता तो पाच तास. नवखा माणूस किंमत सांगताना हेच पाच तास मोजतो आणि मग इतकी धावपळ करूनही हाती काही का उरत नाही, या विचारात पडतो. पहिल्या चार-पाच कामांचे सगळे तास मिनिटांसकट लिहा. त्यानंतर अंदाज आपोआप बसतो.

तासाचा दर ठरवताना महिन्याचा घरखर्च, साहित्य, उपकरणांची झीज आणि कर यांची बेरीज करा आणि तिला विकल्या जाणाऱ्या तासांनी भागा. हाताशी असलेल्या तासांनी नव्हे. महिन्याला १६० तास बसण्याची तयारी असली, तरी त्यांतले ८० तासच कोणाच्या तरी बिलावर जातील असे धरून चाला, कारण उरलेले काम शोधण्यात, दुकानात आणि हिशेबात जातात. येणारा आकडा मोठा वाटेल. तो मोठा नाही, आजवर लपलेला होता.

इथे एक जुना खटला आठवतो. जॉन रस्किन या कलासमीक्षकाने जेम्स व्हिसलरच्या एका चित्राविषयी अत्यंत बोचरे लिहिले आणि व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८७८ साली सुनावणीत त्याला विचारण्यात आले की दोन दिवसांच्या कामाचे २०० गिनी मागता काय? त्यावर त्याने सांगितले की ते दोन दिवसांचे नव्हे, आयुष्यभराच्या ज्ञानाचे मोल आहे. हे उत्तर कलावंतांच्या तोंडी कायमचे बसले आहे. त्याचा पुढचा भाग कोणी सांगत नाही : दावा तो जिंकला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे त्या काळचे सर्वांत हलके नाणे, आणि पुढच्या वर्षी त्याचे दिवाळे निघाले. युक्तिवाद अचूक होता, यात शंका नाही. परंतु तो वापरण्याआधी आयुष्यभराचे ज्ञान गोळा झालेले असावे लागते. सुरुवातीला तास मोजावेत. ज्ञानाचे मोल पुढे, दर वाढवताना, त्यात मिसळत जाईल.

त्यानंतर लेखी बोलणे. करारनामा म्हटले की लोक बिचकतात, म्हणून मी साधा निरोप पाठवते आणि "मान्य आहे" असे उत्तर आल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. तो साधारण असा असतो :

"नमस्कार. आपल्याला हवे असलेले व्यक्तिचित्र मी ए-४ आकारात, जलरंगात करीन. कच्चे रेखाटन एका आठवड्यात पाठवीन आणि त्यात दोन वेळा बदल करून देईन. रेखाटन आपल्या पसंतीस उतरल्यावर रंगकाम सुरू होईल. त्यानंतर रचना बदलायची झाल्यास त्याचे शुल्क वेगळे पडेल. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली चित्र हाती देण्याआधी द्यावी. रेखाटनानंतर काम रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत केली जाणार नाही. पसंती कोणाची धरायची, त्या एका व्यक्तीचे नाव कृपया कळवावे. चित्र आपल्याला घरात लावता येईल, भेट देता येईल. छपाईसाठी किंवा जाहिरातीसाठी वापरायचे झाल्यास त्याविषयी आधी बोलू."

पसंतीच्या एका व्यक्तीचे वाक्य मी ठेच लागल्यावर घातले. एका कुटुंबासाठी त्यांच्या वारलेल्या आजीचे चित्र करायचे होते आणि सोबत एक पुसट फोटो होता. चार भावंडे होती आणि प्रत्येकाची आजी वेगळी होती. पहिल्या रेखाटनावर "हसू कमी करा" असे उत्तर आले, दुसऱ्यावर "आजी इतकी गंभीर नव्हती". रंगकाम संपल्यावर धाकटीने सांगितले की गालावरचा तीळ चुकीच्या बाजूला आहे. फोटो पुन्हा पाहिला, तर तिचे खरे होते : शर्टाची बटणपट्टी, भांग, सगळेच उलट बाजूला; निगेटिव्ह उलटी ठेवून ती प्रत छापलेली होती. तीळ हलवायचा म्हणजे नुसता ठिपका हलवायचा नसतो. चेहऱ्याची उजेडाची आणि सावलीची बाजू ठरलेली असते, भांग वळतो, नाकाचा किंचित कल उलटतो. मी सगळे चित्र नव्याने केले आणि त्याचे एक नाणेही जास्त मागितले नाही, कारण मागायचे कशाच्या आधारावर, ते कुठेच लिहिलेले नव्हते. त्यानंतर दीड महिना मी हौसेची वही उघडली नाही. दोष त्या भावंडांचा नव्हता. ती आपल्या आजीला शोधत होती आणि त्या शोधाला हद्द घालणे हे माझे काम होते.

हक्कांविषयी थोडक्यात. १८८६ च्या बर्न करारानुसार, त्यात सामील असलेल्या देशांमध्ये चित्र काढल्याबरोबर त्याचा कॉपीराइट चित्रकाराला मिळतो. नोंदणीची अट नसते. चित्राचा कागद विकला म्हणजे प्रती काढण्याचा हक्क विकला असे साधारणतः होत नाही. तो वेगळा लिहून द्यावा लागतो. आपले नाव चित्राशी जोडलेले राहावे आणि चित्राची मानहानिकारक मोडतोड होऊ नये, हा हक्क १९२८ च्या दुरुस्तीने त्या करारात आला. पगारी नोकरीत केलेल्या चित्रांचे नियम मात्र देशोदेशी निराळे आहेत, त्यामुळे नेमणूकपत्रातले ते कलम सही करण्याआधी वाचा.

पाचवी पायरी : हौसेच्या नावाखाली मागितलेली मजुरी ओळखा

"तुला यात मजाच येते ना?" हे वाक्य आले की सावध व्हा. "तुझी ओळख वाढेल" हे त्याचेच भावंड आहे. मजा येते हे खरे असते आणि म्हणूनच उत्तर सुचत नाही. पण स्वयंपाकाची आवड असलेल्या आचाऱ्यालाही त्याचा मोबदला देतात, आणि त्याला आवड आहे म्हणून जेवणारे बिल बुडवत नाहीत. फुकट काम करण्याची तीनच कारणे मला पटतात : ती भेट आहे, ते काम मला मनापासून करावेसे वाटणाऱ्या उपक्रमाचे आहे, किंवा त्यातून मला नेमके अमुक शिकायचे आहे. या तिन्ही वेळांनाही बिल करा. पूर्ण रक्कम लिहा, तिच्याखाली 'शुल्क माफ' असे लिहा आणि शून्याचे बिल पाठवा. घेणाऱ्याला आपल्याला काय मिळाले ते कळते आणि वर्षाअखेरीस आपण किती दिले ते तुम्हालाही कळते. नकार द्यायचा असेल, तर कारणांची माळ लावू नका. "सध्या विनामूल्य काम घेत नाही, सशुल्क हवे असल्यास दर कळवते" एवढे पुरते.

सहावी पायरी : हौसेत शिरलेली मजुरी बाहेर काढा

ही पायरी अधिक अवघड, कारण इथे मुकादम आपणच असतो. पैशांचा संबंध नसतो, तरी रोज एक चित्र झालेच पाहिजे, ते रात्री नऊच्या आत सर्वांना दिसले पाहिजे आणि कालच्यापेक्षा आज जास्त पसंती मिळाली पाहिजे, असे हौसेचे वेळापत्रक तयार होते. ऑक्टोबरमधले ३१ दिवस रोज एक शाईचे चित्र काढण्याचा उपक्रम जेक पार्कर या चित्रकाराने २००९ मध्ये स्वतःचा हात सुधारण्यासाठी सुरू केला. स्वतःसाठी घातलेले असे बंधन चांगले असते, मीही ते दोनदा पाळले आहे. परंतु अकराव्या दिवशी आजारी असताना केवळ साखळी तुटू नये म्हणून मी एक कप काढला आणि त्या कपाकडे मी एकदाही पाहिले नव्हते, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आले. कान उलट्या बाजूला होता.

उपाय साधे आहेत. हौसेच्या वहीतले कोणतेही पान ३० दिवस कोणाला दाखवायचे नाही. तोपर्यंत त्याच्याविषयी तुमचे स्वतःचे मत तयार झालेले असते आणि इतरांच्या पसंतीने ते फारसे हलत नाही. पाने अर्धी सोडण्याची सवय करा. पूर्ण करणे हे मजुरीचे कर्तव्य आहे, हौसेचे नाही. आणि हातात ज्या माध्यमाने पैसे येतात, त्याखेरीज एखादे माध्यम हौसेसाठी राखा. पडद्यावर चित्रे करून पोट भरणाऱ्याने माती मळावी. ज्या माध्यमात आपण वाईट आहोत, त्यात कोणी दर विचारत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

काहींना मोजमापाचीच गोडी असते, हेही मान्य केले पाहिजे. अँथनी ट्रोलोप हा इंग्रज कादंबरीकार टपालखात्याच्या नोकरीवर जाण्याआधी पहाटे समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द या वेगाने लिहीत असे आणि त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. त्याला त्यात कमीपणा वाटत नव्हता, उलट तो चांभाराच्या कामाशी लेखनाची तुलना आनंदाने करी. चार्ल्स आइव्ह्ज या अमेरिकी संगीतकाराने उलट वाट धरली : विम्याचा व्यवसाय केला आणि संगीत रात्री व सुट्टीच्या दिवशी लिहिले, म्हणून त्याला कोणाचे कान राखावे लागले नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रचलेली त्याची तिसरी सिंफनी १९४६ साली पहिल्यांदा वाजली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. दोन्ही वाटा चालतात. आपली कोणती, हे ठरवायला वर्षभर दोन्ही वह्या चालवून पाहाव्या लागतात. विचार करून ते कळत नाही.

सातवी पायरी : दर तीन महिन्यांनी दोन्ही वह्या समोर ठेवा

टेबलावर शेजारी शेजारी उघडा आणि पानांवरच्या तारखा पाहा, चित्रे नव्हे. कामाच्या वहीत तीन महिन्यांत एकही काम अर्धवट राहिले नसेल, पण हौसेच्या वहीत सहा आठवड्यांची पोकळी असेल, तर पुढचे येणारे काम नाकारा किंवा मुदत वाढवून मागा; ते परवडत नसेल, तर दर कमी आहे असे समजा. हौसेची वही भरलेली आणि कामाची अर्धवट मुदतींनी माखलेली असेल, तर तुम्ही गिऱ्हाइकाच्या वेळेवर हौस करत आहात. उरलेल्या कामांची यादी करा, प्रत्येकाला नवी तारीख कळवा आणि ती पाळेपर्यंत नवे काम घेऊ नका. मनगट किंवा खांदा दुखत असेल, तर वही कोणतीही असो, तासाला दहा मिनिटे हात खाली ठेवा आणि दुखणे दोन आठवड्यांत हटले नाही तर डॉक्टरांना दाखवा.

तारखा पाहून झाल्या की हौसेच्या वहीतले एक अर्धवट पान निवडा आणि ते पूर्ण करायचे की नाही, याचा विचार न करता त्याच्या समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिल ठेवा. मागे तीन उत्तरे लिहायला विसरू नका.